‘प’ कोणाकडे?

६ जानेवारी, सोमवार

प्रथम क्षमा मागते. कोणाची, ते नेमके सांगता येणार नाही, कारण हे कोणी वाचायचेच नाही. परंतु ज्या कार्यालयात कित्येक वर्षे शब्दकोशाचे काम चालू आहे आणि एकेका वाक्यावर तीन-तीन माणसे विचार करतात, तिथे नुकत्याच लागलेल्या मुलीने रोजनिशी लिहायला घ्यावी, हे धार्ष्ट्यच आहे. शाळेत मराठीत पहिली येत असे, हा काही लिहिण्याचा परवाना नव्हे.

लिहिण्याचे कारण मात्र साधे आहे. माझ्या टेबलावरचे यंत्र कार्यालयातले सर्वांत जुने. नवी प्रणाली त्याला पेलवेना, म्हणून कॉम्प्युटरवाल्या दादांनी गेल्या आठवड्यात त्यावर लिनक्स नावाची दुसरी, हलकी प्रणाली बसवली. “म्हाताऱ्या बैलाला हलकी गाडी,” असे म्हणाले. यंत्र आता चटकन जागे होते, परंतु एक अडचण उभी राहिली आहे. कोशाच्या सर्व फाइली आतल्या खोलीतल्या सामायिक डिस्कवर असतात, प्रत्येक अक्षराची एक. त्या मला दिसतात, त्यांची नावे वाचता येतात. ‘प’च्या फाइलवर क्लिक केले की लेखनाचा प्रोग्राम उघडतो आणि अशी फाइल अस्तित्वातच नाही असे सांगतो. डोळ्यांसमोरची वस्तू अस्तित्वात नाही, हे इतक्या आत्मविश्वासाने मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

दादा बाहेरगावी आहेत. धीर करून फोन केला. त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहून ठेवते: “रोज काय करतेस नि काय होतं, ते तारीख घालून लिही. आलो की बघतो. तोवर फाइल तुझ्याकडे कॉपी करून घे, काम कर, संध्याकाळी परत तिथे टाक. फक्त बाकीच्यांना सांगून ठेव.”

७ जानेवारी, मंगळवार

केलेले प्रयत्न: पासवर्ड पुन्हा दिला. यंत्र बंद करून सुरू केले, जे आमच्या मुख्य संपादक बाईंच्या मते सर्व रोगांवरचे औषध आहे. फाइलीच्या नावातली मोकळी जागा नडते की काय, म्हणून तशी जागा नसलेली एक चाचणीची फाइल करून पाहिली; तीही उघडेना. साधा मजकूर असलेली फाइल मात्र उघडते. तेव्हा वाट आहे, पण सर्वांसाठी नाही.

दादांच्या सांगण्याप्रमाणे सकाळी ‘प’ स्वतःकडे उतरवून घेतला, दिवसभर उदाहरणवाक्ये लिहिली आणि सहा वाजता परत ठेवला. ठेवताना यंत्र विचारते की तिथे याच नावाची, दुपारी बदललेली फाइल आहे, ती बदलायची का? मी ‘हो’ म्हटले. दिवसाचे काम संपवून कोणाला तरी ठामपणे ‘हो’ म्हणण्यात एक समाधान आहे.

बाकीच्यांना सांगायचे राहिले. आप्पा मजकूर डोळ्यांजवळ धरून वाचत होते. ते आमचे तपासनीस. कोशातला प्रत्येक शब्द शेवटी त्यांच्या हाताखालून जातो. सध्या ‘प’ आम्हा दोघांकडे आहे: मी वाक्ये घालायची, त्यांनी अर्थ तपासायचे. ते फाइलीवर दुपारी काम करतात आणि चारला निघतात. अशा माणसाला मध्येच थांबवून ‘माझे यंत्र रुसले आहे’ असे काय सांगायचे? उद्या पाहू.

९ जानेवारी, गुरुवार

यंत्राची स्थिती जैसे थे.

मधल्या खोलीत कार्डांची लाकडी कपाटे अजून आहेत. आज शाई शोधायला गेले आणि तिथेच रेंगाळले. लाकडाला तोच वास येतो.

आई इथे कार्डे लिहीत असे. माझी शाळा दुपारी सुटे आणि घरी कोणी नसे, म्हणून मी या खोलीतल्या लांब टेबलाखाली बसून वाचत असे. तिथून पावले दिसत आणि वरून आवाज ऐकू येत. तेव्हाची एक रीत होती. कोणीही कपाटातून खण बाहेर काढण्यापूर्वी खोलीला ऐकू जाईल असे सांगायचे: “‘ग’ माझ्याकडे!” मग दुसरे कोणी ‘ग’च्या वाटेला जात नसे. कोणाला हवाच असला तर विचारायचे, “‘ग’ कोणाकडे?” आणि कुठून तरी उत्तर येई. एकच कार्ड दोन हातांत कधी गेले नाही. आईचा आवाज माझ्यासारखाच, स्वतःलाही जेमतेम ऐकू येणारा. ती आधी खणावर टिचकी मारी आणि मग अक्षर सांगे. आप्पांचा आवाज मात्र जिन्यापर्यंत जाई.

‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून त्या अक्षराचा खण रिकामा असे. आप्पांनी तो मला देऊन टाकला होता. “हा विभाग तुझा. काम वाढलं की माणसं देऊ.” त्यात मी पेन्सिलींचे तुकडे आणि चिंचोके ठेवत असे. इतकी मोठी जागा पुढे मला कुठेच मिळाली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

बाई दर आठवड्याला छापील प्रत काढून वाचतात. आज ‘प’ वाचताना थांबल्या. ‘पागोळी’चा अर्थ मसुद्यात ‘छपराच्या कडेची पन्हळ’ असा चुकीचा पडला होता, तो तसाच आहे. आप्पा म्हणाले की त्यांनी तो सोमवारीच दुरुस्त केला. पागोळी म्हणजे छपरावरून गळणारी धार. ती वाहून नेते ती पन्हळ. बाईंनी पान त्यांच्यापुढे धरले. आप्पांनी बराच वेळ पाहिले.

“सेव्ह करायला विसरला असाल,” बाई म्हणाल्या.

“असेल बुवा. बोट चुकलं असेल.”

त्यांनी तिथेच पुन्हा दुरुस्ती केली आणि मला दाखवली. “साक्षीदार राहा गं,” असे हसत म्हणाले. मी मान डोलावली. संध्याकाळी माझी फाइल नेहमीप्रमाणे जागेवर ठेवली. मी सेव्ह करायला कधीच विसरत नाही, याचा उगाच अभिमान वाटला आणि लगेच लाजही वाटली.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुरुस्ती पुन्हा नाही. मी साक्षीदार होते. डोळ्यांनी पाहिली होती. तसे सांगायला हवे होते, परंतु बाई फोनवर होत्या आणि नंतर विषय निघाला नाही. आप्पांनी कोणाला न सांगता तिसऱ्यांदा केली. मग चष्मा पुसत बसले. काच स्वच्छच होती.

२१ जानेवारी, मंगळवार

काल ताप आला म्हणून घरी होते. आज कार्यालयात पाऊल टाकते तो आप्पा खुशीत. काल केलेल्या सर्व दुरुस्त्या जागच्या जागी सापडल्या: ‘पागोळी’, ‘पाणंद’, ‘पारंबी’, सगळ्या. बाईंना त्यांनी ओढून आणून दाखवले. “बघा, म्हातारा अजून कामाचा आहे.”

घरी आईला सांगितले. मला वाटते, मी नसल्यामुळे खोलीत शांतता होती आणि त्यांचे चित्त लागले. आईला इतके हसू आले की ठसका लागला. “तुझा गोंगाट तो काय! भिंतीवरची पाल तुझ्याहून जास्त बोलते.”

यंत्राची नोंद: दादांनी येतो म्हटलेला दिवस उलटून गेला. आठवण करायला हवी. पण कामात असतील. कॉपी करून काम व्यवस्थित चालले आहे, तक्रार कशाची करणार?

२४ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा तेच. मंगळवारपासूनची एकही दुरुस्ती नाही. बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. आप्पांनी आज दिवसभर विनोद केला नाही. चारला निघताना दारातून परत येऊन यंत्र बंद केले आहे ना ते पाहिले, जिन्यापर्यंत गेले आणि पुन्हा परत आले.

आईला सांगितले तेव्हा ती विणकाम खाली ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली की आप्पांना कपाटाकडे न पाहता सांगता येई, अमुक शब्द कितव्या खणात, कोणाच्या अक्षरात, कार्डाचा कोपरा दुमडलेला की नाही. नवीन मुली त्यांची परीक्षा घेत आणि हरत. “त्या माणसाचं डोकं म्हणजे आमचं दुसरं कपाट होतं,” ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. मला वाटले होते, ती आणखी काही सांगेल.

२९ जानेवारी, बुधवार

बाईंनी मला आत बोलावले आणि दार लावून घेतले. आप्पांनी काम सोडत असल्याचे सांगितले आहे. परगावची लेक कित्येक वर्षे त्यांना आपल्याकडे बोलावते आहे. आजवर ते कामाची सबब सांगत. परवा त्यांनी स्वतःच तिला फोन करून ‘आता ये घ्यायला’ म्हटले. दहा तारखेला, सोमवारी, कार्यालयात छोटासा निरोप. त्याच संध्याकाळी ते निघणार. राहती खोलीही सोडणार आहेत.

“त्यांच्या जागी तू बसायचंस,” बाई म्हणाल्या. “लहान आहेस, पण तुझ्या हातून काही सुटत नाही.”

मग आवाज खाली आणून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. आप्पांनी गेल्या वर्षभरात तपासलेली सर्व अक्षरे मी पुन्हा तपासायची. त्यांच्या सहीवर आता विसंबता येणार नाही. हे त्यांच्या कानावर जाऊ द्यायचे नाही. सांगताना बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांना अक्षरजुळणी, मुद्रिते, सारे आप्पांनीच शिकवले.

मी ‘हो’ म्हणून बाहेर आले. आनंद व्हायला हवा होता. आप्पांनी मान वर करून विचारले, “बढती का?” आणि मी काही बोलण्यापूर्वीच म्हणाले, “खुर्चीचा डावा पाय लंगडा आहे. पुठ्ठा घालत जा.”

३ फेब्रुवारी, सोमवार

आप्पा आपला खण रिकामा करत होते. रबर, जुने टाक, भिंगाची एक काच. प्रत्येक वस्तू कोणी, कधी दिली ते सांगत गेले. भिंग आईने निवृत्त होताना दिले होते. त्या दिवशी आईच्या साडीचा रंग कोणता होता, तेही त्यांनी सांगितले. घरी विचारले, बरोबर निघाला. जुन्या गोष्टी लख्ख आणि कालच्या पुसट, असे स्मृतिभ्रंशात होते, असे कुठेसे वाचले. फार वाईट वाटले.

त्यांच्यासाठी म्हणून मी हल्ली अधिक काळजी घेते. संध्याकाळी ते जिना उतरून गेल्याची खात्री करूनच माझी फाइल जागेवर ठेवते, म्हणजे त्यांना अडथळा नको.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादा आले. मी या नोंदींतली यंत्रापुरती वाक्ये वाचून दाखवली. त्यांना रोग लगेच कळला. माझे यंत्र सामायिक डिस्क नुसती खिडकीतून दाखवत होते. काही प्रोग्रामना खिडकीतून वस्तू उचलता येते. लेखनाच्या प्रोग्रामला दारातूनच जावे लागते, आणि दार बसवलेलेच नव्हते. त्यांनी दोन-चार ओळी लिहून डिस्क माझ्याच यंत्रातल्या एखाद्या फोल्डरसारखी कायमची जोडून दिली. यंत्र पुन्हा सुरू केले तरी जोडलेली राहील, हेही करून दाखवले.

“उघड आता,” म्हणाले.

मी ‘प’वर क्लिक केले. फाइल उघडण्याऐवजी एक चौकट आली: ही फाइल ‘आप्पा’ यांनी संपादनासाठी उघडली आहे, केवळ वाचण्यासाठी उघडायची का?

पलीकडच्या टेबलावर आप्पा स्क्रीनला नाक लावून बसले होते. त्यांच्या हाती शेवटचे काही दिवस आहेत, आणि ते ‘प’ करत होते.

“हे काय आहे?” मी विचारले.

“कुलूप. एकाने उघडली की दुसऱ्याला असं सांगतं, म्हणजे एकमेकांच्या कामावर बोळा फिरत नाही. तू कॉपी करून काम करत होतीस ना, तेव्हा हे कुणालाच कळत नव्हतं. त्यांना वाटणार, फाइल मोकळी आहे. ते बदल करणार, नि संध्याकाळी तू तुझी सकाळची प्रत त्यावर टाकणार. म्हणून तर म्हटलं होतं, सांगून ठेव.” मग पिशवी उचलत म्हणाले, “सांगितलं होतंस ना?”

मी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते मला ठाऊक नाही.

ते गेल्यावर मागची पाने वाचली. सोळा तारीख. सतरा. एकवीस, जेव्हा मी घरी होते. चोवीस. सगळे माझ्याच अक्षरात, तारखेनिशी, नीटनेटके लिहिले आहे. दुपारी बदललेली फाइल आहे, बदलायची का? हो. हो. हो. यंत्राने मला रोज विचारले होते.

आप्पा चारला उठले. मीही उठले. ते म्हणाले, “येतो गं.” मी म्हणाले, “या.”

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आप्पा आले नाहीत. सामान बांधत आहेत. मी बाईंच्या दारापाशी गेले. तिथून परत आले.

आईला रात्रीच्या जेवणाआधी सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुझ्या तोंडात पोतंभर भिजेल. माझंच वाण.” मग थोड्या वेळाने: “त्यांना वाटतंय, आपलं डोकं गेलं. उद्या चप्पल घाल नि जा.”

८ फेब्रुवारी, शनिवार

गेले.

आप्पांची खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतींवर जिथे जिथे पुस्तके होती तिथे रंग अजून ताजा आहे. लेक खोकी बांधत होती. मला पाहून तिने एका खोक्यावरची धूळ पुसून बसायला दिले आणि चहा टाकायला आत गेली. येताना मी वाक्ये पाठ केली होती, वक्तृत्व स्पर्धेत करत असे तशी. त्यांतले एकही आठवले नाही. मी रोजनिशी त्यांच्या हातात दिली आणि सात, सोळा, सतरा, एकवीस, चोवीस आणि परवाची सहा, एवढ्याच तारखांची पाने दाखवली.

त्यांनी भिंगातून वाचले. हळूहळू वाचतात. मी खिडकीबाहेरच्या दोऱ्यांवरचे कपडे पाहत राहिले.

“म्हणजे ‘पागोळी’ मी दुरुस्त केली होती,” ते म्हणाले.

“हो.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी, आप्पा. सेव्हही केली होती.”

त्यांनी वही मांडीवर ठेवली. मग लेकीला हाक मारून सांगितले की चहात साखर घाल, आज घाल. डॉक्टरांकडे जाऊन आल्याचे, त्यांनी स्मरणाची चाचणी म्हणून घड्याळाचे चित्र काढायला लावल्याचे, घरी येऊन शंभरापासून उलटे आकडे म्हणत बसल्याचे, हे सारे त्यांनी मला हसत हसत सांगितले.

“लिही,” म्हणाले.

“काय?”

“‘पागोळी’ तुला माहीत आहे. ‘पाचर’: ‘लाकडी’ काढ, लोखंडाचीही असते. ‘पेव’: नुसता खड्डा नव्हे, धान्य साठवायचा, आणि ‘पेव फुटणे’ खाली घे. ‘पैज’च्या तुझ्या दुसऱ्या वाक्यात कर्ता नाही...” असे ते सांगत गेले. फाइलीच्या क्रमाने, न अडखळता, माझ्या हाताला उसंत न देता. हरवलेल्या महिन्याच्या दुरुस्त्या एकामागून एक. वहीची मागची पाने भरली. लेक चहाचे कप हातात घेऊन दारात उभी होती. चहा निवून गेला तरी ती आत आली नाही.

संपल्यावर ते म्हणाले, “आता एक ऐक. बाईंना हे सांगायचं नाही.”

मी वही मिटली.

“मला कळलं, तेवढं पुरे. लेकीला शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. तुझी नोकरी कोवळी आहे. बाई मनाने चांगल्या, पण चूक विसरत नाहीत. मीच तसं शिकवलंय. माझं काय, म्हातारा विसरला म्हणतील. म्हणोत.”

त्यांनी सही केलेली जुनी अक्षरे पुन्हा तपासायची आहेत, हे त्यांना माहीत नाही. ते माझ्या ओठांवर आले होते. पण ते सांगणे म्हणजे त्यांना नव्याने दुखवणे होते. मी गप्प राहिले. आजवर गप्प राहण्याला मी विनय म्हणत आले. आज ते उचलून दाखवता येईल इतके जड वाटले.

जिन्यापर्यंत पोचवायला आले. “वचन दे,” म्हणाले. मी नमस्कार केला. वचन दिले नाही. त्यांच्या लक्षात आले की नाही, कोण जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार

आई उठण्यापूर्वी पानांची छायाचित्रे काढली. खाडाखोड तशीच ठेवली आहे. सोबत बाईंसाठी हा मजकूर:

आदरणीय बाईंना,

ही रोजनिशी मी केवळ स्वतःसाठी लिहिली होती. ती आपण वाचावी ही विनंती करताना संकोच होतो, तरी उद्याच्या निरोपाआधी वाचावी. ‘प’मधल्या दुरुस्त्या आप्पा विसरले नव्हते, मी रोज संध्याकाळी पुसत होते. ज्या सोमवारी मी आजारी होते, त्या दिवसाच्या तेवढ्या टिकल्या. त्यांनी याआधी तपासलेली ‘न’ आणि ‘फ’ आपण स्वतः ताडून पाहा. त्या फाइलींना माझा हात लागलेला नाही, आणि तिथे त्यांची एकही दुरुस्ती हरवलेली नसेल. त्यांच्या सहीची अक्षरे पुन्हा तपासण्याची गरज नाही. गरज असलीच तर ती माझ्या कामाची आहे.

शेवटच्या पानांवरच्या दुरुस्त्या त्यांनी काल समोर फाइल नसताना तोंडी सांगितल्या. माझ्या जागेविषयी आपण ठरवाल ते मान्य आहे. त्यांनी जावे की राहावे, हे त्यांनी आणि त्यांच्या लेकीने ठरवायचे. परंतु ते ठरवताना त्यांच्याविषयी कोणाच्या मनात खोटे काही असू नये.

हे पाठवू नये असे त्यांनी मला बजावले होते. ते रागावतील. उद्या रागावतील, आणि पुढे कित्येक वर्षांनीही तारीखवार आठवण काढून रागावतील. त्यांच्या लक्षात सगळे राहते.

पाठवले: रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटे.